वहिनीचा हिरवा नकाशा

आमच्या घरात हवेच्या बाबतीत शेवटचा शब्द वहिनीचा. पाऊस-वाऱ्याची हवा नव्हे, त्या हवेवर आम्ही सगळेच तोंडसुख घेतो. मी म्हणते ती बिनतारी जाळ्यांची हवा. एखाद्या कारखान्याला, गोदामाला स्वतःचं बिनतारी जाळं हवं असलं की मनोरे कुठे उभे करायचे, त्यांची तोंडं कुठे वळवायची आणि ते शेजाऱ्याच्या कानात जाऊन ओरडणार नाहीत ना, हे वहिनी लॅपटॉपवर बघून सांगते. लहरींच्या ज्या पट्ट्यात ही जाळी चालतात तो कुणा एकाच्या मालकीचा नाही, सगळ्यांनी वाटून वापरायचा असतो. नियम एवढाच, की मागून येणाऱ्याने आधीच्याला त्रास द्यायचा नाही, आणि त्रास होणार नाही हे जाळं चालू करण्यापूर्वी दाखवून द्यायचं. वहिनीचं सॉफ्टवेअर ते दाखवून देतं. इमारती, गच्च्या, मनोरे, सगळं त्यात भरलेलं असतं. ती बटण दाबते, थोडा वेळ चक्र फिरतं आणि नकाशा रंगतो. लाल म्हणजे नुसता कालवा, पिवळा म्हणजे सांभाळून, हिरवा म्हणजे हवा स्वच्छ. जेवणाचं अर्धं टेबल कायम त्या नकाशाने अडवलेलं असतं, आणि आम्ही उरलेल्या अर्ध्यात जेवतो.

मी तिची नणंद. बंदरात क्रेन चालवते. पूर्वी शिडी चढून वरच्या केबिनमध्ये बसायचे, त्यात गुडघ्यांची पार वाट लागली. आता क्रेन धक्क्यावर उभी असते आणि मी ऑफिसच्या वरच्या मजल्यावर खुर्चीत. समोर पडदे, पडद्यांवर क्रेनवरच्या कॅमेऱ्यांची चित्रं, हाताखाली दोन दांडे. माझा दादा याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतो. हाकून बघ म्हणावं एकदा.

उजव्या दांड्याला पकड असते. मूठ सैल पडली की क्रेन जागच्या जागी थांबते, कारण चालकाला चक्कर आली तर वरचा बोजा खाली कुणाच्या डोक्यावर जायला नको. आणि क्रेनकडून हवेतून येणारं उत्तर आलं नाही, तरीही ती थांबते. दोन्ही सोयी माणसाच्या जिवासाठीच केलेल्या आहेत. घोडं अडतं ते पुढे. दोन्ही वेळा यंत्रात नोंद एकच होते: संकेत तुटला. कुणाचा तुटला, माणसाचा की हवेचा, ते यंत्र सांगत नाही.

माझी क्रेन अशी दोनदा थांबली. दोन्ही वेळा कंटेनर हवेत होता. पहिल्यांदा नुसताच झोके खात राहिला. दुसऱ्यांदा खालच्या ट्रकच्या टपाला असा काही घासून गेला, की ड्रायव्हर उडी मारून पळाला तो थेट कँटीनमध्येच सापडला. लागलं कुणालाच नाही. पण आमचे सुरक्षा अधिकारी वर आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. त्यांच्या गळ्यात कायम एक शिट्टी असते, ती वाजलेली कुणी ऐकलेली नाही, म्हणून आम्ही त्यांना शिट्टीसाहेब म्हणतो. एरवी मी हसते. त्या दिवशी हसू आलं नाही.

त्यांनी आमच्या तारवाल्याला बोलावलं. एकही तार नसलेलं जाळं सांभाळणाऱ्या माणसाला तारवाला म्हणायची आमच्याकडची पद्धत. तो म्हणाला, माझ्याकडे सगळं ठीक आहे. मग राहिलं शेजारचं नवं गोदाम. तिथलं जाळं त्याच पट्ट्यात उभं राहत होतं, आणि ते आखलं होतं कुणी? आमच्या वहिनीने. तिचा अहवाल आमच्या ऑफिसात आधीच येऊन पडला होता. पहिल्याच पानावर नकाशा, आणि आमच्या बंदरावर हिरव्याशिवाय रंग नाही.

"मग राहिला तुमचा हात," शिट्टीसाहेब म्हणाले. आवाज मवाळ होता, त्याचाच मला जास्त राग आला. "ताई, तिसऱ्यांदा झालं तर परवाना काढून घ्यावा लागेल. मग ही क्रेन नाही, कुठलीच नाही."

मला दुसरं काही येत नाही, आणि दुसरं काही करायचंही नाही. ती खुर्ची हेच माझं घरदार आहे असं म्हटलं तर दादाला वाईट वाटेल, पण खरं तेच आहे. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा सगळे माझ्याकडे जपून बोलायचे. खुर्चीत बसल्यावर मात्र खालून बोका रेडिओवर ओरडायचा, "ताई, जरा डावीकडे, जेवण झालं नाही का?" एकावर एक रचलेल्या कंटेनरांना जखडणारे लॉक काढणाऱ्या टोळीतला तो. त्याचा असला वात्रटपणा ऐकला की मला माणसात आल्यासारखं वाटायचं.

घरी आल्यावर मी वहिनीला विचारलं. विचारलं कसलं, टेबलावर डबा आपटला.

"तुझं ते गोदाम माझी क्रेन थांबवतंय."

तिने चष्मा वर केला, लॅपटॉप पुढे ओढला, सगळं पुन्हा चालवून दाखवलं. चक्र फिरलं. बंदर हिरवंगार.

"बघ. तुमच्या मनोऱ्यावर आमचा काडीचाही परिणाम नाही. अगं, तुझं काम आहे म्हणून मी दोनदा तपासलंय. हवा स्वच्छ आहे."

"मग क्रेन काय हवापालटासाठी थांबते?"

ती हसली नाही. तिने माझा उजवा हात हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला. "रागावू नकोस. एवढी वर्षं दांडे धरतेयस, नस दबली असेल. दाखवून ये ना एकदा."

दुसऱ्या दिवशी तिने मला रबराचा एक चेंडू आणून दिला, मऊ, पिवळा, मुठीत धरून दाबायचा. पकड सुधारते म्हणे. तिचा जीव आहे माझ्यावर, ते मला ठाऊक आहे. म्हणूनच तर तो चेंडू मी फेकून देऊ शकले नाही. आणि वहिनी चुकत नाही, हा आमच्या घरातला सगळ्यात त्रासदायक गुण आहे. भिंतीत खिळा ठोकायच्या आधी ती सांगते आत पाइप आहे, आणि असतो. तिच्यापुढे माझा हात म्हणजे काय? मी डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले हात उत्तम आहे. मला वाटलं, डॉक्टरला काय कळतंय.

तेव्हापासून मी दांडा असा आवळून धरू लागले, की तळहाताला फोड आला आणि फुटला. वर चिकटपट्टी लावली आणि पुन्हा आवळला. स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला की माणूस कसा होतो, ते कुणाला सांगून कळणार नाही. पाण्याचा पेला उचलतानासुद्धा मी बोटांकडे बघायचे.

शिट्टीसाहेबांनी माझी दांड्यांवर परीक्षा घ्यायचं ठरवलं, आणि नेमकं त्याच दिवशी शेजारच्या गोदामाचं उद्घाटन होतं. आदल्या संध्याकाळी वहिनी आपले ठेवणीतले कपडे इस्त्री करत म्हणाली, "उद्या पाहुण्यांसमोर सगळे मनोरे एकदम चालू करायचेत. आतापर्यंत नुसत्या थोड्या थोड्या चाचण्या झाल्या. तुझंही उद्याच ना? घाबरू नकोस."

"मी कुठे घाबरतेय?" मी म्हणाले. चेंडू तेव्हा माझ्या मुठीतच होता.

सकाळी शिट्टीसाहेब माझ्या मागे खुर्ची टाकून बसले, तारवाला दाराशी उभा राहिला. मी चेंडू पडद्याखालच्या फळीवर ठेवला आणि दांडे हातात घेतले. कंटेनर पकडायची चौकट रिकामीच उचलली, ठेवली. मग रिकामा कंटेनर, मग भरलेला. जहाजावरून धक्क्यावर, धक्क्यावरून जहाजावर. एकदाही काही अडलं नाही. चित्र स्वच्छ, हालचाल लोण्यासारखी. साहेबांनी शेवटी मान हलवली.

"बघा, लक्ष दिलं की होतं."

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच वेळी लाज वाटली. म्हणजे हातच होता तर. वहिनी म्हणत होती तेच खरं.

तेवढ्यात खालून निरोप आला. जहाजाच्या सगळ्यात वरच्या थरावर एक लॉक अडकलं होतं, ते हाताने सोडवल्याशिवाय पुढचं काम हलणार नव्हतं. अशा वेळी आम्ही क्रेनच्या चौकटीला पिंजरा लावतो आणि माणसं त्यात उभी करून वर नेतो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"न्याल?"

नाही म्हणायला हवं होतं का? मला तेव्हा तसं वाटलं नाही. "नेते," मी म्हणाले.

पिंजऱ्यात बोका चढला आणि त्याच्याबरोबर त्याचा जोडीदार मामा. हा मामा कुणाचाच मामा नाही, पण टोळीतला सगळ्यात वडीलधारा. पट्टे अडकवले, दार लावलं. रेडिओवर बोका म्हणाला, "ताई, हळू हं. आज भरपेट खाल्लंय. वरून काही पडलं तर माझी जबाबदारी नाही."

"तोंड बंद ठेवलंस तर काही पडणार नाही," मी म्हणाले आणि पिंजरा उचलला.

धक्का खाली गेला. माणसं ठिपक्यांएवढी झाली. मी पिंजरा जहाजाकडे सरकवू लागले. जहाजाची बाजू आणि धक्का यांच्यामध्ये पाण्याची एक काळी फट असते. पिंजरा तिच्यावर आला, आणि चित्र गोठलं.

बोक्याचा हात वर, तोंड अर्धं उघडं, तसंच. लाल दिवा लागला. संकेत तुटला.

मी माझ्या मुठीकडे पाहिलं. ती इतकी घट्ट होती की पेरं पांढरी पडली होती. चिकटपट्टीखालून ओल येत होती. मूठ सुटलेली नव्हती. पण डोळ्यांनी बघूनही माझा विश्वास बसेना, इतकी मी स्वतःच्याच मनातून उतरले होते.

रेडिओ वेगळ्या पट्ट्यावर चालतो, तो चालू होता. "ताई, काय झालं? थांबलो का?" पाठोपाठ बोक्याचाच आवाज, पण आता थट्टा नव्हती. "झोका फार बसतोय. वारा आहे वर."

नियमाप्रमाणे मी हात काढला, पुन्हा चालू करण्याचं बटण दाबलं, वाट पाहिली. चित्र आलं. पिंजरा हलत होता, जहाजाच्या कठड्यापासून हातभर अंतरावर येऊन परत फिरत होता. मी अगदी अलगद मागे घ्यायला सुरुवात केली. जरासा सरकला, आणि पुन्हा थांबला. या वेळी हिसका मोठा होता. रेडिओवर लोखंडाचा आवाज आला आणि कुणीतरी कळवळलं.

"मामाचं डोकं आपटलं," बोका म्हणाला. "हेल्मेट गेलं पाण्यात. रक्त येतंय. ताई, परत हलवू नका! नाही, हलवा! काहीतरी करा!"

मेकॅनिकला क्रेनवर चढून पिंजरा हाताने उतरवता येतो. तो बंदराच्या दुसऱ्या टोकाला होता. साहेबांनी त्याला पळत यायला सांगितलं. मग ते माझ्या खांद्याशी आले.

"उठा."

मी उठले. उठले तेव्हा मला कळत होतं की ही खुर्ची आता संपली. डोळ्यांत पाणी आलं, पण ते खुर्चीसाठी होतं की मामासाठी, कुणास ठाऊक. साहेब स्वतः बसले. ते जुने क्रेनवाले, हात दगडासारखा स्थिर. त्यांनी दांडा धरला, बटण दाबलं. चित्र आलं. त्यांनी श्वास रोखून पिंजरा हलवायला घेतला.

पुन्हा थांबला. पुन्हा हिसका.

लाल दिवा. संकेत तुटला.

मी त्यांच्या मुठीकडे बघत होते. तारवालाही बघत होता. ती मूठ आवळलेलीच होती. साहेबांनी आपला हात हळूच दांड्यावरून उचलला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, की मला ती नजर ओळखीची वाटली. आरशात मी ती बरेच दिवस बघत होते.

माझा हात नव्हता. हे एकदा डोक्यात शिरलं तसं बाकीचं डोकं चालू लागलं. सकाळी सगळं ठीक होतं. मग आता काय बदललं? खिडकीतून शेजारच्या गोदामाची गच्ची दिसत होती. तिथे माणसं जमली होती, रंगीत फुगे बांधले होते, आणि मनोऱ्यांवरचे हिरवे दिवे लागले होते. सकाळी ते दिवे बंद होते.

"गोदाम," मी म्हणाले. "त्यांनी चालू केलंय. त्यांना बंद करायला सांगा!"

"कशाच्या जोरावर?" तारवाला म्हणाला. "त्यांचा अहवाल स्वच्छ आहे. सही तुमच्याच वहिनींची आहे."

तरी साहेबांनी ऑफिसच्या टेबलावरून फोन लावला. गोदामाच्या मॅनेजरचं बोलणं आम्हाला पलीकडून ऐकू येत होतं. पाहुणे आलेत, परवानगी रीतसर आहे, तुमची क्रेन तुम्ही तपासा. साहेब आधी समजावत होते, मग ओरडू लागले. ओरडणाऱ्याचं कोण ऐकतं? फोन ठेवला गेला.

आमचे फोन दाराबाहेरच्या कप्प्यात ठेवावे लागतात. मी धावत गेले. कप्प्याची किल्ली हातातून दोनदा पडली. वहिनीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मी मनातल्या मनात तिला काय काय म्हणत होते ते इथे लिहीत नाही, ती हे वाचणार आहे.

तिसऱ्यांदा तिने उचलला. मागे टाळ्या वाजत होत्या, माइकवर कुणीतरी प्रगतीबद्दल बोलत होतं.

"अगं, मी आत्ता..."

"बंद कर! तुझे मनोरे बंद कर. पिंजऱ्यात दोन माणसं अडकलीत. पाण्यावर. एकाचं डोकं फुटलंय."

"काय? पण नकाशा..."

ती तिथेच थांबली. मला वाटलं ती आता सांगणार, हवा स्वच्छ आहे. ते वाक्य पुन्हा ऐकलं असतं तर मी तिला जन्मात माफ केलं नसतं. फोनमध्ये नुसता माइकवरचा आवाज. मग तिचा, अगदी हलका. "साहेबांनी धरून पाहिलं?"

"त्यांच्या हातातही थांबते."

पावलं ऐकू आली, भराभर. दार उघडलं. यंत्रांच्या पंख्यांची घरघर. एक माणूस म्हणाला, "अहो मॅडम, इकडे कुठे? पाहुणे वर आहेत." दुसरा म्हणाला, "मॅडम, त्याला हात लावू नका. अहो, हे काय करताय? मॅडम!" मग खटका पडल्याचा आवाज. मग आणखी एक. माइकवरचं प्रगतीचं भाषण चालूच होतं.

माझ्यामागे तारवाला ओरडला, "आलं!"

मी वळले. पडद्यावर बोका हलत होता. त्याने मामाला छातीशी धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने गज पकडला होता. साहेब खुर्चीवरून उठले आणि बाजूला झाले. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

मी पिंजरा खाली आणला. कसा आणला ते मला आठवत नाही. फक्त एवढं आठवतं, की धक्क्याला टेकताना तो वाजला नाही. लोक धावले. मामाला बाहेर काढलं, तो स्वतःच्या पायांवर उभा राहिला, कपाळावर कुणाचा तरी रुमाल. बोक्याने पिंजऱ्यातूनच वर कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले. रेडिओवर काही बोलला नाही. बोका गप्प बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला, आणि माझं रडू तेव्हा फुटलं.

वहिनी आली ती लॅपटॉप छातीशी धरून, ठेवणीतल्या कपड्यांत, घामाघूम. गोदामाच्या फाटकापासून पळत आली होती. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. सरळ तारवाल्याकडे गेली.

"तुमच्या जाळ्याचा ठेका काय आहे?"

"म्हणजे?"

"बोलायची वेळ किती, ऐकायची किती?"

तारवाला म्हणाला, "आमचा मनोरा बोलतो कमी, ऐकतो जास्त. क्रेनवर एवढे कॅमेरे आहेत, त्यांची चित्रं ऐकायला वेळ नको का?"

वहिनी खाली बसली. खुर्ची होती म्हणून खुर्चीवर, नाहीतर जमिनीवरच बसली असती.

"मला सांगा," शिट्टीसाहेब म्हणाले, "आम्हाला कळेल असं सांगा."

तिने सांगितलं, लॅपटॉपकडे बघत, आमच्याकडे न बघता. एका पट्ट्यात दोन जाळी असली तर दोघांनी एकदम बोलायचं आणि एकदम ऐकायचं असतं. मग कुणी कुणाच्या कानात ओरडत नाही. फोन कंपन्यांमध्ये हे ठरलेलंच असतं, सगळे एकाच ठेक्यावर. वहिनीच्या ऑफिसने वर्षानुवर्षं फोन कंपन्यांचीच कामं केली. सॉफ्टवेअरमध्ये एक चौकोन असतो, शेजारी आपल्याच ठेक्यावर आहे असं सांगणारा, आणि त्यात बरोबरची खूण आधीपासूनच असते. तिच्या धंद्यात त्या चौकोनाला कुणी हात लावत नाही. तो दिसेनासाच होतो.

"पण तुमचा मनोरा जास्त वेळ ऐकतो," ती म्हणाली. "तुम्ही ऐकत असता तेव्हा आमचे मनोरे बोलत असतात. चाचण्या चालू असताना दोनदा. आज सगळे एकदम."

"हे आधी का नाही विचारलंत?" साहेब म्हणाले.

"शेजाऱ्याला विचारायचं असतं हेच आम्ही विसरलोय," वहिनी म्हणाली.

तिने त्या चौकोनातली खूण काढली आणि बटण दाबलं. चक्र फिरू लागलं. आम्ही सगळे तिच्यामागे उभे होतो. बंदरावरचा हिरवा रंग पिवळा झाला, मग आमच्या मनोऱ्याभोवती लाल डाग पडला, आणि तो क्रेनच्या रांगेपर्यंत पसरत गेला. आमच्या टेबलावर मी तो नकाशा इतक्या वेळा पाहिला होता. लाल रंगात मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही एवढ्या तोंडाळ. एकदाही ठासून का नाही सांगितलंत, हवेतच खोट आहे म्हणून?"

मला कुणाला बोल लावायचा नव्हता, खरंच नव्हता. पण विचारलं तर खरं तेच तोंडात आलं.

"हिने सांगितलं होतं, हवा स्वच्छ आहे."

वहिनीने मान वर केली. तिची नजर आधी माझ्या हातावरच्या चिकटपट्टीवर गेली, रक्ताने ती तपकिरी झाली होती. मग फळीवरच्या पिवळ्या चेंडूवर. तिचा चेहरा असा झाला, की मला वाटलं उगाच बोलले. पण शब्द बाहेर पडला होता आणि तो खोटा नव्हता.

खालून पुन्हा निरोप आला. लॉक अजून अडकलेलंच होतं. जहाज सुटायला हवं होतं. मामाला दवाखान्यात नेलं होतं, पण बोका म्हणत होता की दुसरा जोडीदार घेऊन तो चढेल. साहेब म्हणाले, "ताई, तुमचा परवाना तुमच्याकडेच आहे. पण आज नको वाटत असेल तर मी बसतो."

मी खुर्चीत बसले. दांडा समोर होता. हात पुढे केला आणि तो तिथेच थांबला, बोटं मिटेनात. एवढे दिवस त्यांच्यावर इतका संशय घेतला होता, की आता ती माझं ऐकेनात. मागे वळून मी वहिनीला विचारलं. टोमणा नव्हता, मला खरोखरच तिच्याकडून ऐकायचं होतं.

"आता हवा स्वच्छ आहे ना?"

आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर ती कधी अडखळत देत नाही. तिने पडद्याकडे पाहिलं, बंद केलेल्या मनोऱ्यांच्या खुणांकडे पाहिलं. गोदामाच्या मनोऱ्यांचा मुख्य खटका तिने स्वतःच्या हाताने पाडला होता. ती हो म्हणू शकली असती. तिने लॅपटॉप मिटला.

"मला माहीत नाही," वहिनी म्हणाली. "तू चालव आणि तू मला सांग. तू सांगशील तोपर्यंत तिथे कुणी काही चालू करणार नाही. मी इथेच उभी आहे."

मग ती पुढे आली, फळीवरचा चेंडू उचलला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

रेडिओवर बोका म्हणाला, "ताई, चढलोय. निघायचं का?"

मी दांडा धरला. नेहमीसारखा, फार घट्ट नाही. पिंजरा उचलला, आणि पाण्यावरून जाताना मागे उभ्या असलेल्या वहिनीला म्हणाले, "ठीक चाललंय."